उपवासाचा घास

अदिस अबाबामध्ये नवा माणूस उतरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे स्वस्तात पोटभर कुठे मिळतं? उत्तर ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे मिळतं. खिसा बरा असेल तर पियाझाच्या चढावर खानावळी आहेत, तिथे डाळीच्या पिठाचं शिरो मडक्यात उकळतच समोर येतं. त्याहून कमी असेल तर शाळांच्या फाटकापाशी मसुरीचे समोसे तळणाऱ्या बाया बसतात; दोन समोसे, वर तांब्याभर पाणी, भागलं. त्याहूनही कमी असेल तर भाजलेलं कणीस, नाहीतर उकडलेला बटाटा आणि त्यावर तिखटाची चिमूट. आणि खिशात हात घातल्यावर बोटांना नुसती शिवणच लागत असेल, तर मेर्काटो बाजारात बस अड्ड्याच्या मागे जावं. पोत्यांचे ढीग ओलांडायचे, लोकांनी मुतून काळी केलेली भिंत लागते तिच्या थोडं पुढे. तिथे तेवाबेच बसते. तिच्याकडे अन्न ताटाने मिळत नाही, घासाने मिळतं. बसायचं, तोंड उघडायचं, ती घास भरवते, पैसे टेकवायचे आणि उठायचं. मागे लोक उभे असतात.

घास भरवणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. गुर्शा म्हणतात त्याला. आई लेकराला भरवते, नवरी नवऱ्याला, रुसलेल्याला भरवून मनवतात, आणि पाहुण्याला भरवल्याशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही. समोरच्याने तोंड फिरवलं तर तो अपमान. एकच घास भरवून थांबलात तर तोही अपमान, दुसरा भरवायचाच. पण महागाई अशी चढली की ताटाचं अर्धं ताट झालं, अर्ध्याचं पाव झालं, आणि शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की मायेने देतात तेवढा घासच विकायला काढावा. ज्याच्या डोक्यात आलं त्याचं तळपट होवो, असं तेवाबेच म्हणायची, आणि हात धुऊन पुढच्याला बोलवायची.

हाताने भरवण्यात तिची सोय होती. ताटली धुवायला नको, आणि गिऱ्हाइकाच्या हाती कढई लागली की तो एका घासात तिघांचं उचलणार, तेही नको. तिचा पंजा लहान. त्यावरून हमाल तिला छेडायचे. अंजुलो नावाचा वोलायताकडचा एक आडदांड हमाल होता, तो तर रोज म्हणायचा, "अक्का, देवाने तुला हा हात धंद्यासाठीच दिला बघ. एवढ्या हाताने चिमणीला भरवावं."

"चिमणी बरी," ती म्हणायची. "ती खाऊन उडून तरी जाते. तू इथेच टेकून बसतोस."

कढईत जे असायचं त्याला बुले म्हणतात. हॉटेलांत ताटांत उरलेलं, टाकलेलं, ते सगळं पोत्यात भरून मागच्या दाराने विकलं जातं. तेवाबेचला ते बोगालेकडून मिळायचं. बोगाले एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दारावर पहारेकरी होता, आणि त्या दारातून कचरासुद्धा त्याच्या मर्जीने बाहेर पडायचा. सकाळी पोतं आणलं की तेवाबेच घमेल्यात ओतून निवडायला बसायची. कागदी रुमाल, दात कोरायच्या काड्या, लिंबाची सालं, सिगारेटची थोटकं, हाडं, हे सगळं बाजूला. मग इंजेराचे, म्हणजे आमच्या आंबवलेल्या मऊ पोळीचे, तुकडे, भात, शेवया, कोबी, मसूर. ते सगळं कांदा आणि बर्बरे तिखट घालून असं परतायची की कुठलं काय ते कळू नये. तिखट ही मोठी गोष्ट आहे. तिखटाखाली माणूस काहीही गिळतो.

ती मेन्झच्या थंड डोंगरातली. शाळेत घालते म्हणून मावशीने शहरात आणली आणि एका घरी भांड्याला लावून दिली. पुढे हॉटेलात भांडी घासली, तिथेच एका गवंड्याशी संसार थाटला. गवंडी एका उंच इमारतीवरून पडला. पडला, एवढंच तिला सांगण्यात आलं. हात फुटून रक्त यायला लागलं तेव्हा हॉटेलने घरी बसवलं. एकुलती मुलगी बैरूतला घरकामाला गेली. आधी तिचे फोन यायचे, मग येईनासे झाले, मग तो नंबरच बंद झाला. हे ती कोणी विचारलं तर सांगायची, आणि सांगताना हात कढईतच असायचा.

तिचा एक नियम मात्र होता. बुधवार, शुक्रवार आणि मोठ्या उपवासाच्या दिवसांत ती दोन कढया लावायची. मोठा उपवास म्हणजे फासिकाच्या, आमच्या ईस्टरच्या, आधीचे पंचावन्न दिवस. मांस नाही, दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, आणि धड पाळणाऱ्याला दुपार कलेपर्यंत पाणीही नाही. हॉटेलच्या पोत्यात सगळं एकत्रच यायचं. तेवाबेच त्यातून एकेक तुकडा हुंगून वेगळा करायची. मांसातुपाचं एका कढईत, उपवासाचं दुसऱ्या. इतर विकणाऱ्या बाया हसायच्या. दहा पावलांवर बसणारी शितू तर तोंडावरच म्हणायची, "उष्ट्याला कसलं सोवळं गं?"

"उष्टं माणसाचं आहे. उपवास देवाचा आहे," तेवाबेच म्हणायची.

त्या दुसऱ्या कढईसाठी येणारी गिऱ्हाइकं ठरलेली होती. अंजुलो त्यातला नव्हे. तो टाळ्या वाजवून प्रार्थना करणाऱ्या नव्या पंथाचा, त्याला उपवासाची बंधनं नव्हती. "मला मांसाच्या कढईतलं दे अक्का. माझा देव कॅलेंडर बघत नाही." पण म्हातारा झेलेके मात्र उपवासाच्या कढईचा.

गाशे झेलेके. गाशे म्हणजे दादा, पण त्याच्या वयाला ते शोभत नव्हतं. तेवाबेच त्याला आबाच म्हणायची. तोही मेन्झचा, तिने बोलण्याच्या हेलावरून पहिल्याच दिवशी ओळखला होता. लहानपणी गुरं राखली, तरुणपणी लढाईत गेला, परत आला तो जन्मभर बस अड्ड्यावर ओझी वाहायला. आता पाठ अशी वाकली होती की ओझं नसतानाही पाठीवर काहीतरी आहे असं वाटावं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. हमालांच्या सामायिक खोलीत भिंतीकडेची जागा त्याची.

मोठ्या उपवासात तो दिवस कलल्यावर यायचा, मिकाएलच्या देवळातून प्रार्थना करून. दगडावर बसायचा आणि रोज एकच विचारायचा.

"उपवासाचं आहे ना, पोरी?"

"हो आबा."

मग तो छातीवर क्रूस काढायचा, डोळे मिटायचा आणि तोंड उघडायचा. एकच घास. त्याच्या कमाईत तेवढाच बसायचा. दुसरा फुकट भरवावा असं तेवाबेचला रोज वाटायचं. पण एकाला भरवला की सगळी रांग तोंड उघडून बसते, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी म्हाताऱ्याने एक गोष्ट मनात धरली होती. फासिकाच्या पूजेत त्याला कुर्बान घ्यायचं होतं, म्हणजे देवळातला प्रसाद, पाद्री स्वतःच्या हाताने तोंडात घालतो तो. आमच्यात तरुणपणी लोक त्याच्यापासून लांबच राहतात. आपण कसे वागतो ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. देह थकला, वासना निवल्या, की कबुली द्यायची आणि घ्यायचं. झेलेकेने ते शेवटचं घेतलं होतं शेंबडा पोर असताना. त्याच्या पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, हा मोठा उपवास निर्मळ पाळ, एक दिवसही मोडू नकोस, मग ये.

"एकदा ते तोंडात पडलं की मी मोकळा," तो तेवाबेचला म्हणाला होता. "मग देवाने केव्हाही हाक मारावी. लढाईत मी जे केलंय ते घेऊन त्याच्यासमोर कसा जाऊ?"

लढाईत काय केलं ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याच्या घासासाठीचे तुकडे दोनदा हुंगू लागली.

उपवास निम्मा सरला आणि बोगालेच्या हॉटेलात परिषद भरली. सकाळी तेवाबेच मागच्या दारी गेली तेव्हा पोत्याचा तळ तुपाने ओला झाला होता. तिने तोंड सोडून आत पाहिलं. मांसाचा रस्सा सगळ्यावर सांडलेला. भातावर, इंजेरावर, कोबीवर.

"उपवासाचं काहीच नाही?" तिने विचारलं.

"बाई, परिषद आहे," बोगाले म्हणाला. "सतरा देशांचे साहेब आलेत. उपाशी लोकांचं काय करायचं त्यावर बोलतायत. बोलून बोलून भूक लागते त्यांना, मग मांस मागतात."

"अरे, बाजूला थोडी मसूर तरी काढून ठेवायचीस."

"घ्यायचं तर घे, नाहीतर राहू दे. शितू कोपऱ्यावर उभीच आहे."

शितू खरंच उभी होती. तेवाबेचने पोतं उचललं.

नाही, आज उपवासाचं नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगू शकली असती. मला विचाराल तर सांगायलाच हवं होतं. पण सांगून ती माणसं कुठे गेली असती? शितूकडे, आणि शितूच्या पोत्यात वेगळं काय होतं? जी गेली नसती ती उपाशी राहिली असती. शिवाय त्या दिवशीच्या विक्रीवरच दुसऱ्या दिवशीचं पोतं यायचं. तिने इंजेराचे त्यातल्या त्यात कोरडे तुकडे निवडले, पाण्यात खळबळून काढले, पिळले. ओल्या फडक्यासारखा लगदा झाला. तो कांद्यावर टाकून तिने दुप्पट बर्बरे ओतलं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी तुपाचा वास काही जाईना.

दिवस कलला तसा म्हातारा आला आणि दगडावर बसला.

"उपवासाचं आहे ना, पोरी?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "हो आबा."

तो चावता चावता थांबला. डोळे उघडून त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कढईत बघू लागली. मग त्याने घास गिळला, ओठ पुसले.

"आज चव आहे," एवढंच म्हणाला.

परिषद आठवडाभर चालली. रोज तसंच पोतं, रोज तोच प्रश्न आणि तेच उत्तर. फरक इतकाच की म्हातारा आता प्रश्न जरा मोठ्याने विचारायचा, आसपासच्यांना ऐकू जाईल असा. आणि त्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या गालांवर रंग आला. अर्ध्या पोत्याला धापा टाकणारा झेलेके अख्खं पोतं पाठीवर घेऊन चढ चढला. अंजुलोने शिट्टी मारली.

"आबा, लग्नबिग्न ठरलं की काय?"

"उपवास मानवलाय मला," म्हातारा म्हणाला. "निर्मळ पाळला की देव असं बळ देतो. तुम्हा टाळ्या पिटणाऱ्यांना काय कळणार!"

सगळे हसले. तेवाबेच मात्र खाली बघून कढई ढवळत राहिली. देवाने नव्हे, हॉटेलच्या तुपाने त्याला उभं केलं होतं, आणि हे फक्त तिला माहीत होतं, असं तिला वाटत होतं.

परिषद उठली. साहेब आपापल्या देशांना गेले, आणि पोत्यात पुन्हा कोबी, मसूर, कोरडा इंजेरा येऊ लागला. तेवाबेचला सुटल्यासारखं वाटलं. झालं ते झालं, उरलेले दिवस तरी म्हाताऱ्याला निर्मळ भरवू. तिने तसं भरवलंही. आणि दोनचार दिवसांतच म्हातारा ओझ्यासकट रस्त्यात बसला. पाठीवर लसणाचं पोतं तसंच होतं, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि त्याला उठता येईना. अंजुलोने त्याला बखोटीला धरून कडेला आणलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आबा, आजाऱ्याला उपवास माफ असतो," तेवाबेच म्हणाली. "तुमच्या पाद्रीबाबांना विचारा. ते हो म्हणतील."

"आजाऱ्याला माफ असतो. मी हमाल आहे."

"हमाल मेला तर त्याला कुर्बान कोण देणार?"

"तोंड सांभाळ," तो म्हणाला. मग जरा नरमला. "थोडेच दिवस राहिलेत गं. निघतील."

निघणार नव्हते. हे तिला दिसत होतं. भांडी घासणाऱ्या बाईला ताटाचा तळ दिसतो तसं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी मांसाच्या कढईत थिजलेलं तूप तिने बोटाने निपटलं आणि तंबाखूच्या एका रिकाम्या डबीत भरलं. डबी ओच्यात ठेवली. औषध आहे, असं स्वतःला सांगितलं. दिवस कलल्यावर म्हाताऱ्याचा घास वळताना तिने डबीत बोट बुडवलं.

"उपवासाचं आहे ना, पोरी?"

"हो आबा."

पहिल्यांदा पोत्याने तिला खोटं बोलायला लावलं होतं. आता ती आपण होऊन बोलत होती, रोज, डोळ्याला डोळा न भिडवता. आणि ती स्वतः? ती स्वतः उपवास कडक पाळत होती, दिवस कलेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. एकाच हाताने स्वतःचा उपवास सांभाळायची आणि त्याचा मोडायची. म्हातारा पुन्हा चालायला लागला. पाय ओढत का होईना, चालायला लागला.

फासिका जवळ आला तशी तिची झोप पारच उडाली. झेलेकेने आपली एकुलती पांढरी शाल धुऊन वाळवून आणली आणि तिला दाखवली. काठाला भोक पडलं होतं ते त्याने पांढऱ्या दोऱ्याने स्वतः भरलं होतं.

"दिसतं का गं?" त्याने विचारलं.

"नाही दिसत, आबा."

"देवाला दिसेल. पण तो चालवून घेईल."

उपवास मोडणं एक वेळ परवडलं. पण मोडलेल्या उपवासाच्या तोंडाने कुर्बान घेणं म्हणजे विस्तव गिळणं, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. न सांगावं तर म्हातारा आनंदाने विस्तव गिळणार. सांगावं तर ज्याच्यासाठी तो श्वास धरून राहिलाय तेच जाणार. तेवाबेच रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज त्याचं उघडलेलं तोंड समोर आलं की घास भरवून मोकळी व्हायची.

क्रूसाच्या शुक्रवारी धंदा बंद असतो. अख्खं शहर दिवसभर कोरडं असतं. देवळांच्या आवारात माणसं कपाळ जमिनीला टेकवतात, उठतात, पुन्हा टेकवतात. तेवाबेच मिकाएलच्या देवळात गेली. पुरुषांच्या बाजूला म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, कपाळाला माती, दम लागलेला. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. बायकांनी त्या बाजूला जायचं नसतं. एकदोघांनी हटकलं, तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आबा, तुम्ही उद्या रात्रीच्या पूजेत कुर्बान घेऊ नका."

"का?"

"मी तुम्हाला तूप चारलंय. परिषदेच्या आठवड्यात पोत्यातच होतं. त्यानंतर मी स्वतः घातलं. रोज. डबीत ठेवून." तिने ओच्यातली डबी काढून जमिनीवर ठेवली, जणू पुरावा मागितला होता कोणी. "पाप माझं आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पाद्रीबाबांना असंच सांगा, ते तुमच्या माथी मारणार नाहीत."

म्हातारा डबीकडे बघत राहिला. तो ओरडेल, हात उगारेल, थुंकेल, कशाचीही तिने तयारी ठेवली होती.

"मी मेन्झचा गुराखी आहे, पोरी," तो म्हणाला. "आईच्या दुधानंतर तोंडात पडलं ते तूपच. मला त्याची चव कळणार नाही?"

तिला काही समजेना.

"पहिल्या दिवशी वाटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून तुझ्या घासाची वाट बघत होतो. प्रार्थनेत उभा होतो आणि तोंडाला पाणी सुटत होतं. म्हणून तर मोठ्याने विचारायचो. तू हो म्हणालीस की माझी सुटका. पाप तुझ्या अंगावर टाकून मी गिळत होतो."

"आबा, तुम्ही मेला असतात."

"मग मरायचं होतं," तो म्हणाला. रागाने नव्हे, साधंच बोलला. "लढाईतही मी असाच वाचलो होतो. दुसऱ्याच्या अंगावर टाकून."

देवळात घंटा वाजली. सगळे उठून पुन्हा वाकू लागले. म्हाताऱ्याला उठता येईना, तेव्हा तिने हात दिला. त्याने तो धरला.

"नसतं सांगितलंस तर मी उद्या गेलो असतो," तो म्हणाला. "एवढं सगळं ठाऊक असून गेलो असतो. तिथे तोंड उघडलं असतं."

फासिकाच्या सकाळी शहरभर कोंबड्यांच्या रश्श्याचा वास सुटला होता. तेवाबेचने एक कोंबडीची तंगडी आणि एक अंडं विकत घेतलं. गवंडी गेल्यापासून पहिल्यांदाच ती उष्ट्याचं नाही असं काही शिजवत होती. कांदा मंद आचेवर लाल केला, तूप घातलं, ताजा इंजेरा घेतला आणि झाकून हमालांच्या खोलीवर नेलं. हमाल सणाला पांगले होते. झेलेके भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी पांढरी शाल घडी घातलेली, तशीच. तो रात्री देवळात गेला नव्हता.

"आबा, उठा. आज सगळं चालतं. आज उपवास धरणंच पाप असतं."

तो कसाबसा उठून बसला. तिने हात धुतले, इंजेराचा तुकडा तोडला, त्यात मांस आणि अंडं धरून घास वळला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने विचारलं नाही. तोंडही उघडलं नाही.

मग त्याने तिचं मनगट धरलं, तिच्या बोटांतून घास आपल्या बोटांत घेतला आणि तिच्या ओठांशी आणला.

"तूही धरला होतास ना उपवास? सोड."

तिने तोंड उघडलं. गवंडी गेल्यावर तिला कोणी भरवलं नव्हतं. तिला चावता येईना, डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. तो थांबला. तिने गिळल्यावर त्याने ताटातून दुसरा घास उचलला, रीतीप्रमाणे, आणि तोही भरवला.

"तुम्ही खा ना, आबा."

"मला भूक नाही राहिली," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

नंतरच्या दिवसांत तिने येऊन पुष्कळ विनवण्या केल्या. पाणी घ्यायचा, अन्न नाही. सणाचा आठवडा सरायच्या आत तो गेला. त्याचा कुठल्या मर्तिकाच्या मंडळात वाटा नव्हता, म्हणून ना तंबू आला ना रडायला बाया. अंजुलोने आणि हमालांनी त्याला खांद्यावर घेतलं. "आबा, किती हलका झालास रे," अंजुलो चालता चालता म्हणाला, आणि एवढा आडदांड माणूस भर रस्त्यात हुंदके द्यायला लागला. पाद्रीबाबांनी कुंपणाजवळची जागा दिली. शाल तेवाबेचने त्याच्यासोबत घातली.

फासिकानंतरचे बिनउपवासाचे दिवस संपले आणि पहिला बुधवार आला. तेवाबेचने सवयीने दोन कढया लावल्या. एक नवा हमाल दगडावर बसला, गोज्जामकडून नुकताच आलेला, गळ्यात क्रूसाचा काळा दोरा.

"उपवासाचं आहे ना, ताई?"

तेवाबेचने कढईकडे पाहिलं. तिने सकाळी तुकडे दोनदा हुंगले होते. पण पोतं हॉटेलचं होतं, आणि कुठला चमचा कुठे बुडाला ते हॉटेललाही ठाऊक नसतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. निवडलंय मी. पण हो म्हणणार नाही."

 त्याला भूक लागली होती, ते त्याच्या गळ्याच्या घाटीवरून दिसत होतं. तिने नुसतं हो म्हटलं असतं की तो खाणार होता. तो उठला आणि दहा पावलं चालून शितूसमोर जाऊन बसला. त्याने तेच विचारलं. शितू म्हणाली, "हो रे राजा, अगदी निर्मळ," आणि तो डोळे मिटून खायला लागला.

आजही कोणी विचारलं की या शहरात सगळ्यांत स्वस्त कुठे मिळतं, तर बस अड्ड्यामागचीच वाट सांगावी लागते. तिथे दोघी शेजारी बसतात. पोती एकाच दारातून येतात, तिखट एकाच दुकानातलं. उपवासाच्या दिवशी रांग शितूपुढे असते. तेवाबेचपुढे अंजुलो येतो आणि त्याच्यासारखे दोघेचौघे, ज्यांना काही विचारायचं नसतं. अंजुलो आता तिच्या हातावरून थट्टा करत नाही. दिवस कलल्यावर कढईत जे उरतं ते ती स्वतःच खाते, आपल्याच हाताने, आणि सामान आवरून घरी जाते.